कर्पूरवनातली वनमानुषी

समुद्रापलीकडच्या सुवर्णद्वीपावर श्रीभद्रा नावाची नगरी होती आणि तिथे महाकेतू राजा राज्य करीत होता, त्या काळातली ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व नगरीपासून दोन दिवसांच्या वाटेवर, नदीकाठच्या अरण्यात, कापूर काढणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल.

ज्याला आपण भीमसेनी कापूर म्हणतो, तो या अरण्यातल्या झाडांच्या गाभ्यात मिळे. झाडे इतकी उंच की शेंडा पाहू गेले तर डोईचा पंचा मागे गळून पडावा. पण दहा झाडांतल्या एखाद्याच्याच पोटात कापूर असे. बाकीचे लोक दहाही झाडे पाडून बघत. सोमिल खोडाला कान लावी, दगडाने हलके ठोके देई आणि नेमके झाड ओळखी. त्यालाही तो आडवे पाडत नसे; खाच पाडून कापूर काढी आणि जखम ओल्या मातीने लिंपून टाकी. यामुळे तो काही श्रीमंत झाला नाही. त्याच्या वाट्याचे अरण्य मात्र दाट राहिले.

त्या अरण्यात वनमानुष राहत. तांब्याच्या रंगाचे केस, पार घोट्यापर्यंत पोचणारे हात आणि म्हाताऱ्या माणसासारखे विचारी डोळे. माकडांसारखे ते टोळीने हुंदडत नसत. एकेकटे, सावकाश, एका फांदीवरून दुसरीवर जात. रोज संध्याकाळी फांद्या वाकवून उंचावर नवे घरटे बांधत आणि त्यात झोपत. कापूरवाले म्हणत, "यांना बोलता येते हो. पण बोललो तर माणसे कामाला जुंपतील, म्हणून बिचारे गप्प राहतात."

एके वर्षी वसंतोत्सवात राणी भद्रावती वनमानुषाचे पिल्लू कडेवर घेऊन लोकांसमोर आली. झाले! दुसऱ्या दिवसापासून नगरातल्या प्रत्येक धनिकाला तसलेच पिल्लू हवे झाले. राजाचा मुख्य पारधी दंडक याला क्षणाची उसंत उरली नाही. पिल्ले येत, रेशमी अंगरखे घालून मिरवत आणि त्यांतली बहुतेक वर्ष उलटायच्या आत मरून जात. मग नवे पिल्लू येई.

राणीचे पिल्लूही आजारी पडले. ते खाईना, पिईना. राजवैद्यांनी हात टेकले, तेव्हा अरण्याचा जाणकार म्हणून सोमिलला बोलावणे गेले.

तो राजवाड्यात पोचला तेव्हा पिल्लू एका रेशमी लोडाला चारही हातापायांनी घट्ट धरून पडले होते. ते मादी पिल्लू होते, दोनेक वर्षांचे. सोमिलने त्याच्या कपाळावर हात ठेवला. पिल्लाने लोड सोडला आणि त्याचे बोट पकडले. एवढ्याशा मुठीत केवढा जोर!

"हिची आई कुठे आहे?" सोमिलने विचारले.

राणी म्हणाली, "आईने टाकून दिलेले पोर आहे. दंडकाला झाडाखाली सापडले."

सोमिलने दंडकाकडे पाहिले. दंडक दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

"देवी," सोमिल म्हणाला, "माझे उभे आयुष्य त्या अरण्यात गेले. पिल्लू टाकणारी वनमानुषी मी आजवर पाहिली नाही. ती त्याला सात-आठ वर्षे उरापाठीशी वागवते. तोवर दुसरे पोर होऊ देत नाही. जिवंत आईच्या हातून हे पिल्लू कुणालाही सोडवता येणार नाही."

राणीचा चेहरा उतरला. "दंडका, खरे सांग."

दंडक एक पाऊल पुढे आला. मग म्हणाला, "फुंकनळीतून विषारी काटा मारतो, देवी. आई शेंड्यावरून खाली कोसळते. पिल्लू तिला चिकटलेले असते. चारांतले एक वाचते."

राणीने पिल्लाकडे पाहिले आणि पदराने तोंड झाकून घेतले. थोड्या वेळाने तिने आपल्या हाताने पिल्लाच्या गळ्यातली सोन्याची साखळी काढली. "हिला घेऊन जा," ती सोमिलला म्हणाली. "जिथली आहे तिथे जगव."

महाकेतू राजा हे सारे ऐकत होता. तो क्रूर नव्हता, पण पैजेचा भारी शौकीन होता. शिवाय त्याच सुमारास नगरातले व्यापारी त्याच्या मागे लागले होते, की कर्पूरवन तोडून तिथे पोफळीच्या बागा लावू द्या. राजा हसून म्हणाला, "माणसाच्या हातचे खाल्लेले जनावर पुन्हा रानाचे होत नाही. एवढे तुला ठाऊक नाही का रे?"

"होईल, महाराज. वेळ लागेल."

"किती?"

सोमिलने मनाशी विचार केला. "एक तप."

"मग ऐक! बारा वर्षे त्या अरण्यात कुणी फुंकनळी उचलणार नाही की कुऱ्हाड चालवणार नाही. बारा वर्षांनी मी स्वतः येईन. तेव्हा ही, एकदा रानात गेल्यावर माणसाच्या हातचे अन्न पुन्हा न घेता, जगत असेल आणि हिच्या कडेवर हिचे पोर असेल, तर तू जिंकलास. नाही तर वन तुटेल. आहे कबूल?"

एका मुक्या जिवाच्या भरवशावर सारे अरण्य पणाला लागत होते. पण नाही म्हटले तर अरण्य उद्याच तुटणार होते. बोधिसत्त्वाने हात जोडले. "कबूल, महाराज."

सोमिलची बायको पाटला हिने पिल्लाला पाहताच कडेवर घेतले. उगवतीच्या रंगाची म्हणून तिचे नाव अरुणी ठेवले. पहिले काही महिने अरुणी त्या दोघांच्या अंगावरून खाली उतरलीच नाही. सोमिल खाचेला माती लिंपी तेव्हा ती त्याच्या पाठीवर असे, आणि पाटला भात कांडी तेव्हा तिच्या. हळूहळू ती खाऊ लागली, बाळसे धरू लागली. आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली. अरुणीला झाडावर चढायची भीती वाटे. खाली सोडले की ती माणसाच्या पोरासारखी सोमिलचा पाय धरून उभी राही.

"हिला कोण शिकवणार?" पाटला म्हणाली. "हिची आई नाही."

"मग मलाच शिकावे लागेल," सोमिल म्हणाला.

त्या भागात एक वयस्क वनमानुषी होती. तिचा एक कान फाटलेला होता, म्हणून सगळे तिला कानफाटी म्हणत. तिला अरुणीएवढेच पोर होते. सोमिल अरुणीला पाठीवर बांधून कानफाटीच्या मागोमाग झाडे चढू लागला. कानफाटी उंबर खाई, तेव्हा तो उंबर खाई. ती कोवळा पाला चघळी, तेव्हा तो पाला चघळी. काटेरी, उग्र वासाचे फळ कसे फोडायचे, वाळवीचे वारूळ कसे उकरायचे, पावसात डोक्यावर मोठे पान कसे धरायचे, सारे त्याने पाहून घेतले आणि अरुणीसमोर करून दाखवले. एकदा कानफाटीचे पाहून त्याने कसलीशी लाल फळे खाल्ली आणि दोन दिवस अंथरुणाला खिळला. पाटलाने कपाळाला हात लावला. "अहो, आई व्हायचे म्हणजे पोटही तिचेच हवे!"

सर्वांत अवघड ते घरटे. रोज संध्याकाळी सोमिल झाडाच्या दुबेळक्यात बसून फांद्या आत ओढी, वाकवी, एकीखाली एक खोवी आणि वर पाला अंथरी. पहिली कितीतरी घरटी त्याच्यासकट खाली आली. कापूरवाले झाडाखाली जमून हसत. "काय रे सोमिल, भाड्याने देणार का?" तो वरून हात हलवी. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका संध्याकाळी तो फांदी ओढत असताना अरुणीने ती त्याच्या हातातून काढून घेतली. स्वतः वाकवली, पायाखाली दाबली, दुसरी ओढली. घरटे वेडेवाकडे झाले खरे, पण ती त्यात जाऊन आडवी पडली आणि सोमिलकडे अशा तोऱ्याने पाहू लागली, की खाली उभ्या असलेल्या हसणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

सहावे वर्ष लागले. कानफाटीच्या उराशी आता नवे पिल्लू होते. मोठे पोर जवळ आले की ती त्याला हाताने दूर सारी. पोर ओरडे, फांद्या मोडी, पुन्हा जवळ येई. ती पुन्हा दूर सारी. सोमिल ते दिवसभर पाहत राहिला. घरी आल्यावर त्याला घास उतरेना.

"कळले मला," पाटला म्हणाली. "आता आपली पाळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुणी नेहमीप्रमाणे झोपडीशी आली तेव्हा दार बंद होते. तिने दारावर थाप मारली. मग कुडाच्या फटीतून हात घातला. तो लांबलचक तांबूस हात आत चाचपडत होता आणि सोमिल त्याच्यापासून वीतभर अंतरावर बसून होता. पाटलाने त्याचे मनगट धरून ठेवले होते. तिचेही डोळे वाहत होते. अरुणीने छपरातला मूठभर पेंढा उपसून फेकला. तीन दिवस ती समोरच्या झाडावर बसून राहिली. चौथ्या दिवशी पलीकडच्या डोंगरावरून एका नर वनमानुषाची लांबच लांब, घुमणारी हाक आली. अरुणीने मान वळवली. एक फांदी धरली, दुसरी धरली आणि पानांत दिसेनाशी झाली.

त्यानंतर सोमिल तिला दुरूनच पाही. कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. ती दिसली नाही तर ताजी घरटी दिसत, आणि तिचे घरटे तो शंभरांत ओळखी.

या काळात दंडक एकदा सोमिलकडे आला. तो आता राजाच्या आज्ञेने अरण्यावर नजर ठेवून होता. तो म्हणाला, "नगरातले व्यापारी तुला मोठे घर देतील. तू फक्त सांग, की ती मेली. तुझे काय जाते?"

सोमिल म्हणाला, "तुझी फुंकनळी सहा वर्षे खुंटीवर आहे. तुझे काय गेले?"

 दंडकाने पाणी मागितले, ते प्यायला आणि निघून गेला.

अकराव्या वर्षी पाऊस दडला. उंबर वाळले, काटेरी फळझाडांना मोहोरच आला नाही. नदीपलीकडच्या पोफळीच्या बागांत वणवा लागला आणि धुराने महिनाभर सूर्य तांबडा दिसला. एके दिवशी सोमिलला अरुणी दिसली. तिची हाडे मोजता आली असती. तो तसाच घरी परतला आणि पाटीत केळी भरू लागला.

पाटला दारात आडवी आली. "अहो, पैज! तुमच्या हातचे एक केळे तिने खाल्ले तरी अरण्य गेले."

"पैज मी लावली, पाटला. तिने नाही. तिचा जीव पणाला लावायचा मला अधिकार नाही."

"आणि बाकीच्या वनमानुषांचा?"

"त्यांच्यासाठी मी राजाच्या पायांवर डोके ठेवीन. माझे डोके घेऊन अरण्य राखता आले, तर तेही देईन. पण भुकेल्या लेकराला पाहून पाटी झाकून ठेवणे मला जमणार नाही."

पाटला बाजूला झाली. तिने घरात उरलेली चार केळीही पाटीत टाकली.

सोमिलचे आता वय झाले होते. दमत, थांबत तो ते झाड चढला. अरुणी वरच्या फांदीवर बसली होती. त्याने केळी पुढे केली आणि जुन्या सवयीने हाक मारली. अरुणीने त्याच्याकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. मग तिने ओठ पुढे काढून 'चुक्' असा मोठा आवाज केला. अनोळखी प्राण्याला वनमानुष असेच धमकावतात. ती वळली, शेजारच्या खोडाची साल दातांनी सोलली आणि आतला ओला पापुद्रा चघळू लागली. सालीच्या लांब पट्ट्या सोमिलच्या अंगावरून खाली पडत राहिल्या. त्याने असली साल कधी खाल्ली नव्हती. ही गोष्ट तिला त्याने शिकवलीच नव्हती. ती तिची तीच शिकली होती.

बोधिसत्त्व फांदीला मिठी मारून हसू लागला आणि हसता हसता रडू लागला.

झाडाच्या बुंध्याशी झुडपात दंडक उभा होता. त्याने सारे पाहिले होते.

पाऊस आला, अरण्य सावरले आणि तप पुरे झाले. राजा महाकेतू राणीसह नावेतून नदीने वर आला. सोबत अमात्य आले, पोफळीच्या बागा मागणारे व्यापारी आले, आणि अरण्य कुठून तोडायला घ्यायचे ते ठरवूनच आले. सोमिलने साऱ्यांना अरुणीच्या डोंगरापर्यंत नेले. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. अरुणीचा पत्ता नव्हता. व्यापारी आपसात हसू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातला एक जण पुढे येऊन म्हणाला, "महाराज, वाट पाहायची गरजच नाही. आमच्या कानावर आले आहे, की दुष्काळात हा केळी घेऊन झाडावर चढला होता. पैज तेव्हाच मोडली."

राजाने कपाळाला आठ्या घातल्या. "खरे का हे, सोमिल?"

"खरे आहे, महाराज. मी केळी घेऊन चढलो होतो."

सगळीकडे कुजबुज झाली.  तेव्हा मागून दंडक गर्दीतून वाट काढीत आला. 

"अर्धेच सांगता, शेठ! तुम्हाला सांगितले ते मीच सांगितले होते, आणि पुरे सांगितले होते. महाराज, मी तिथे होतो. ती हाडांची मोळी झाली होती. याने केळी तिच्या तोंडाशी नेली. तिने ती हुंगलीसुद्धा नाहीत. मी हजार जनावरे मारली, पण असले जनावर पाहिले नाही आणि याच्यासारखा माणूसही नाही."

राजा काही बोलणार, इतक्यात वर फांद्या खसखसल्या.

अरुणी येत होती. भरदार, तुकतुकीत, उन्हात सारे अंग पेटल्यासारखे तांबडे. आणि तिच्या कुशीला, मुठींनी केस घट्ट धरून, एक एवढेसे पिल्लू होते. डोक्यावर नारळाच्या शेंडीसारखे उभे केस, डोळे टपोरे.

 राजाने सोन्याच्या ताटात पिकलेली केळी घेतली आणि स्वतः झाडाखाली जाऊन ताट उंच धरले. "ये! ये, अरुणी!"

अरुणीने ताटाकडे पाहिले. राजाकडे पाहिले. मग ओठ पुढे काढून 'चुक्' असा आवाज केला, मनगटाएवढी वाळकी फांदी कडाडकन मोडली आणि नेम धरून खाली भिरकावली. फांदी राजाच्या श्वेतछत्रावर बसली. छत्र मोडून सेवकाच्या डोक्यावर आले, केळी चिखलात पडली, अमात्यांची पळापळ झाली.

राजाने मोडक्या छत्राकडे पाहिले. मग तो जो हसू लागला, तो पोट धरून खाली बसला. "गादीवर बसल्यापासून मला असे कुणी हाकलून दिले नव्हते! सोमिल, जिंकलास रे! अरे, ती तर या वनाची राणी आहे. मी तिच्या घरात न विचारता शिरलो."

अरण्यातल्या कापूरवाल्यांनी एकच जल्लोष केला. पाटलाने भर गर्दीत नवऱ्याच्या गळ्यात हात टाकला. राणी मान वर करून पाहतच राहिली होती, आणि वर अरुणी एका हाताने पिल्लाला सावरीत निवांत उंबर खात होती.

राजाने त्याच ठिकाणी आज्ञा दिली, की कर्पूरवनाला कायमचे अभय आहे. तिथे कुणी शस्त्र उचलणार नाही, झाड पाडणार नाही. पोफळीच्या बागा वणव्याने उजाड झालेल्या जमिनीवरच लावाव्या. मग तो सोमिलला म्हणाला, "आता तुझ्यासाठी माग. हवे तर कर्पूरवनाचा अधिपती करतो तुला."

सोमिल म्हणाला, "महाराज, नदीच्या दोन्ही काठांवरची झाडे राखा. एका बाजूचे वनमानुष दुसऱ्या बाजूला जाऊ शकले, तरच त्यांचा वंश टिकेल. जिथे झाडे तुटली आहेत, तिथे वेलींचे दोर बांधायची परवानगी द्या. आणि नगरातल्या घरांत अजून पाच वनमानुष साखळीला बांधलेले आहेत. तेवढे मला द्या."

"पाच!" पाटला म्हणाली. "अहो, आता तुम्ही पाच घरटी बांधणार? या वयात?"

"मी बांधतो," दंडक म्हणाला. बारा वर्षे खुंटीवर राहिलेली फुंकनळी त्याने आज कमरेला खोवून आणली होती; ती काढली, गुडघ्यावर मोडली आणि नदीत टाकली. "चढायला येते मला. बाकीचे हा शिकवील."

तसेच झाले. त्या पाचांपैकी चार अरण्यात रुळले. एक साखळीने पार खंगलेला होता, तो पाटलाच्या अंगणात सुखाने मेला. दंडक वनरक्षक झाला आणि घरटी बांधण्यात सोमिललाही मागे टाकू लागला. अरुणीला पुढे आणखी दोन पिल्ले झाली. लोक सांगत, की श्रीभद्रेच्या नावाड्यांना नदीच्या दोन्ही काठांवरून, वेलींच्या दोरांवरून सावकाश पलीकडे जाणारे तांबूस वनमानुष दिसत, आणि ते जाईपर्यंत नावाडी वल्ही उचलून धरत. बोधिसत्त्व आयुष्यभर त्या अरण्याची राखण करून आपल्या कर्मानुसार परलोकी गेला.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते भगवान भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा महाकेतू राजा म्हणजे आपली आमराई संघाला देणारा श्रेष्ठी सुभूषण. राणी भद्रावती म्हणजे त्याची पत्नी विमलिका. दंडक म्हणजे शस्त्र खाली ठेवून आपल्यात आलेला भिक्षू वज्जिक. पाटला म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी थेरी धीरा. अरुणी म्हणजे भिक्षुणी सोणा, जिने काल राजाकडून आलेले रेशमी चीवर उलटपावली परत पाठवले. आणि कापूर काढणारा सोमिल म्हणजे मीच होतो."

मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, लेकराला कडेवर घेणे ही मैत्री आहे, आणि ते झाडावर चढू लागले की हात मागे घेणे हीही मैत्रीच आहे. त्या जन्मी मी जी पूर्ण केली, ती बुद्धत्वाकडे नेणारी मैत्रीची पारमिता हीच."